वायव्य वाऱ्याची वाट

पॅरिस, शुक्रवार, ३ ऑक्टोबर १६८७

चिरंजीव सिदोनी,

तुझ्या निवेदनाच्या पहिल्या पानावर सात चुका आहेत आणि त्यांपैकी चारच व्याकरणाच्या आहेत. त्या चार मी समासात दाखवल्या आहेत. उरलेल्या तीन वस्तुस्थितीच्या असल्यामुळे समासात मावल्या नाहीत. त्या येथे लिहितो.

पहिली. तू लिहितेस की तुझे वडील कार्निव्हलच्या अखेरच्या मंगळवारी राजवाड्यात नाचले. मंगळवार नव्हे. तो गुरुवार होता, १४ फेब्रुवारी १६६४. अखेरचा मंगळवार त्यानंतर बारा दिवसांनी आला, आणि तोवर तुझ्या वडिलांना, तूसाँला, राजवाड्याचा दरवाजा बंद झाला होता.

दुसरी. त्या बॅलेतल्या वाऱ्यांच्या प्रवेशात सहा नव्हे, आठ नर्तक होते. चार मुख्य दिशांचे वारे दरबारी उमरावांनी घेतले होते. चार उपदिशांपैकी तीन आम्हा धंदेवाईक मास्तरांकडे होत्या. तुझे वडील वायव्य वारा झाले होते. चौथी, आग्नेय, तरुण उमराव द व्हालग्रीझ यांनी हट्टाने मागून घेतली होती, कारण त्या वेषाला अधिक पिसे होती.

तिसरी, आणि ही महत्त्वाची. 'माझे वडील महाराजांच्या समक्ष पडले.' या वाक्यात क्रियापद बरोबर आहे, कर्ता चुकला आहे. पडले ते उमराव द व्हालग्रीझ. प्रवेशाच्या मध्यावर वायव्य आणि आग्नेय हे दोन वारे समोरासमोरून येत आणि एकमेकांना ओलांडून जात. एक राजखुर्चीच्या बाजूने, म्हणजे पुढून, आणि दुसरा त्याच्या मागून. त्या दिवशी दोघेही पुढून गेले. धडक झाली. उमराव गुडघ्यावर आले, त्यांचा चामडी मुखवटा सुटून हनुवटीखाली लोंबू लागला, आणि दोनशे माणसांनी त्यांचा घामेजलेला चेहरा पाहिला. तूसाँ ताठ उभा होता. त्याने ताल सोडला नाही. हे निवेदनात घाल.

दुसऱ्या पानावर तू माझ्याविषयी लिहिले आहेस: 'त्या संकटात मास्तर ग्रासियाँ मालेस्को हे एकच मित्र आमच्या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यांनीच आम्हांस रुआँ येथे बिऱ्हाड मिळवून दिले.' हे वाक्य काढून टाक. ते फार लांब आहे.

तिसऱ्या पानावर आहे: 'रेखापत्रात मागून जाण्याची वाट स्पष्ट दाखवलेली असताना माझे वडील ती विसरले व पुढून गेले, हा त्यांचा दोष ते नम्रपणे मान्य करतात.' या वाक्यात व्याकरणाची चूक नाही.

स्वच्छ प्रत आली की मी साक्षीदार म्हणून सही करीन. नृत्यशिक्षकांची सभा ८ नोव्हेंबरला, शनिवारी भरेल. त्यांनी क्षमा केली तर तूसाँला त्याची मास्तरकीची सनद परत मिळेल, आणि तेवीस वर्षांनंतर त्याच्या नावामागे 'मास्तर' हा शब्द लावता येईल. त्याच्या छातीच्या दुखण्याचे वाचून वाईट वाटले. कोंबडीचे पातळ सार द्यावे, मीठ बेताने.

तुझा धर्मपिता,
ग्रासियाँ मालेस्को


पॅरिस, शनिवार, ११ ऑक्टोबर १६८७

सिदोनी,

तुझे पत्र आणि स्वच्छ प्रत दोन्ही पावली. अक्षर सुंदर आहे. तुझ्या शाळेतल्या व्यापाऱ्यांच्या मुली तुझ्याकडून नाचाबरोबर अक्षरही शिकल्या तर त्यांच्या नवऱ्यांचे कल्याण होईल.

तू लिहितेस की माझ्या दुरुस्त्या ऐकून तुझे वडील खोकता खोकता हसले आणि म्हणाले, "बघ, पोरी, म्हातारा अजून तस्साच! स्वर्गाच्या दारावर जाईल ना, तर आत जायच्या आधी पाटीवरचं शुद्धलेखन तपासेल." हे मी दोनदा वाचले. त्याच्या आवाजात वाचले.

त्यापुढे जे लिहिलेस ते मात्र मी एकदाच वाचले. अंथरुणात पडल्या पडल्या तो घोंगडीवर दोन बोटे चालवतो; उजव्या हाताची बोटे म्हणजे तो, डाव्या हाताची म्हणजे उमराव. दोन्ही हात छातीच्या मधोमध आणतो, थांबतो आणि तुला दाखवतो: "इथं. इथं मी विसरलो. मागून जायचं होतं, आणि हे गाढव पुढून गेलं." तू म्हणतेस, हे तो रोज करतो. तुझ्या लहानपणी तो हेच स्वयंपाकघराच्या फरशीवर पायांनी करीत असे आणि तुझी आई ओरडत असे, "अहो, बास करा आता, तो दरबार कधीच उठला!"

त्याला हे करू देऊ नकोस. हात घोंगडीखाली ठेव.

माझी एक सूचना आहे. निवेदन नोव्हेंबरच्या सभेपुढे न ठेवता वसंतातल्या सभेपुढे ठेवावे. कारणे: रस्ते खराब आहेत; सभेचे सध्याचे प्रमुख मास्तर फ्लोरिमाँ रुसलो हे वयाने लहान असून त्यांना जुन्या प्रकरणांची माहिती नाही; आणि तिसऱ्या पानावरची भाषा अजून घासूनपुसून घ्यायला हवी.

तिसऱ्या पानाविषयी आणखी थोडे. ती रेखापत्रे मीच काढीत असे, हे तुला ठाऊक आहे. त्या काळी पॅरिसमध्ये दुसरे कोणी काढीत नव्हते. प्रत्येक नर्तकासाठी एक कागद. वरच्या कडेला राजखुर्ची, खाली जमीन, आणि जमिनीवर त्या नर्तकाच्या पावलांची एक अखंड रेघ, सुरांच्या मात्रांनी विभागलेली. लोक हसत. "मालेस्को हवेला लगाम घालतोय," म्हणत. मी म्हणे, ज्या नाचाला व्याकरण नाही तो नाच नव्हे, नुसती उडी आहे. उमराव लोक तालमीला क्वचितच येत. ते आपापल्या हवेलीत रेखापत्र जमिनीवर पसरून त्यावरूनच शिकत. म्हणून रेखापत्र अचूक असणे ही माझी जबाबदारी होती.

बॅले बसवणारे मास्तर ओदिबेर त्या आठवड्यात संधिवाताने अंथरुणावर होते व तालीम माझ्याकडे होती. ९ फेब्रुवारीच्या शनिवारी, त्या दोन वाऱ्यांच्या वाटेत काही फेरफार झाला असावा, असे मला अंधूक स्मरते. नंतर वायव्य वाऱ्याचा कागद नव्याने तयार झाला. एवढेच. परंतु एवढ्यासाठीसुद्धा, वसंतापर्यंत थांबणे श्रेयस्कर.

सही अजून केलेली नाही.

ग्रासियाँ मालेस्को


पॅरिस, सोमवार, २० ऑक्टोबर १६८७

सिदोनी,

तू विचारतेस: "'असावा' म्हणजे काय, काका? तुम्हीच मला नव्या वर्षाच्या भेटीत व्याकरणाचं पुस्तक पाठवलंत आणि पहिल्या पानावर लिहून दिलंत की 'असावा' लिहिणारा माणूस एक तर आळशी असतो नाहीतर काहीतरी लपवत असतो. तुम्ही आळशी नाही आहात." पुढे लिहितेस: "वसंतापर्यंत कोण थांबणार? वैद्य सेंट मार्टिनच्या सणाच्या, म्हणजे ११ नोव्हेंबरच्या, पुढचं बोलतच नाहीत. बाबा सनदेची वाट बघतायत. तुम्हाला सही करायची नसेल तर तसं सांगा, पण रस्त्यांवर ढकलू नका. रस्ते सुके आहेत. मी रोज बघते."

हे पत्र मी पाचव्यांदा लिहीत आहे. पेरोन, जी माझे घर सांभाळते, मघाशी जळणाची टोपली ठेवताना म्हणाली, "तीन दिवस एकच पत्र! या वयात कुणाला मागणी घालताय की काय, मास्तर?" मी तिला म्हटले की मी एक दुरुस्ती करीत आहे. ती म्हणाली, "मग ती मोठी दिसतेय. चार ताव चुलीत गेले."

मागच्या पत्रात मी लिहिले, 'कागद नव्याने तयार झाला.' कागद आपोआप तयार होत नाही. त्या वाक्याला कर्ता हवा. तो मी आहे.

आता ९ फेब्रुवारीचा शनिवार. मूळ आखणीत उमराव पुढून जाणार होते आणि तुझे वडील मागून. तालमीत उमरावांच्या जागी मी स्वतः उभा राहून ती वाट चाललो, तेव्हा माझ्या लक्षात आले की पुढून जाणाऱ्याला ओलांडताना अर्धे वळण घ्यावे लागते आणि त्या वळणात त्याची पाठ राजखुर्चीकडे होते. तूसाँसारखा कसलेला माणूस ते वळण टाचेवर इतक्या लवकर घेई की पाठ दिसतच नसे. उमरावांना ते जमले नसते. दरबारात पाठ दाखवणे म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. इतर मास्तर जेवायला गेले होते. मी तूसाँला थांबवून म्हटले, "तू पुढून जा. उमरावांना मागून पाठवतो."

तो म्हणाला, "आणि उमरावसाहेब? ते आज शिकारीला गेलेत."

"त्यांना नवा कागद मी पाठवतो."

"नक्की ना? नाहीतर आम्ही दोघं बोकडांसारखे डोक्याला डोकं लावू." आणि हसला. आम्ही तीन वेळा ते चाललो. त्याने त्याचे रेखापत्र मला दिले. मी त्याच संध्याकाळी त्यावर नवी रेघ ओढली, जुनी खरवडून काढली, खाली तारीख घातली. वाट त्याला पाठ झाली होती, म्हणून कागद माझ्याकडेच राहिला.

उमरावांचा कागद मी दुरुस्त केला नाही.

का, ते सांगतो. प्रेक्षकांना वाटायच्या छापील पुस्तिकेचे कच्चे ताव सोमवारी छापखान्यातून आले. उत्तर वाऱ्याच्या कवितेत एका शब्दाचे रूप चुकले होते. छापणारा म्हणत होता चालते. मी म्हणत होतो चालत नाही. मंगळवार त्यात गेला. बुधवारी मी स्वतः छापखान्यात जाऊन तो अक्षराचा खिळा बदलून घेतला. घरी येताना मला फार प्रसन्न वाटत होते. उमरावांचा कागद माझ्या मनातून पार निघून गेला होता.

गुरुवारी उमराव जुन्या वाटेने आले, म्हणजे पुढून. तूसाँ मी सांगितलेल्या वाटेने आला, म्हणजे पुढून.

पडद्यामागे आल्यावर उमरावांनी मुखवटा फेकला आणि तूसाँला म्हणाले, "ए नाच्या! डोळे घरी ठेवून आलास का?" तूसाँ म्हणाला, "साहेब, माझी वाट पुढूनच होती." उमरावांनी आपले रेखापत्र मागवून घेतले, सर्वांसमोर उलगडले. त्यावर त्यांची रेघ पुढून गेली होती. माझ्या हातची, स्वच्छ, सुंदर. त्यांचे काका तिथेच उभे होते. ते राजवाड्यातील उत्सवांचे व्यवस्थापक होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मालेस्को, तुमचा कागद चुकत नाही असं ऐकतो. मग दुसऱ्याचा कागद आणा, परवा बघू."

सिदोनी, त्या क्षणी 'मी विसरलो' एवढे दोन शब्द पुरे होते. कर्ता आणि क्रियापद. लहान मुलालाही करता येईल असे वाक्य. मी म्हणालो, "परवा आणतो."

शुक्रवारी दुपारी मी कोरा कागद घेतला आणि वायव्य वाऱ्याचे रेखापत्र पुन्हा काढले. जुन्या आखणीप्रमाणे. मागून. शाई वाळायची होती तोच तूसाँ आला. टोपी हातात, केस विस्कटलेले.

"ग्रासियाँ, अरे, माझा कागद दाखव. तू शनिवारी मला सांगितलंस ना, पुढून जा म्हणून?"

मी त्याला नवा कागद दाखवला. त्याने त्यावर बोट ठेवले आणि बोट रेघेवरून चालवत गेला. मधोमध आल्यावर बोट थांबले. मग तो उठला, माझ्या खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि ती वाट चालून पाहिली, खुर्ची बाजूला सारून. पुढून. परत आला, कागद पाहिला.

"मागून आहे," तो म्हणाला.

"हो."

"पण तू म्हणालास..."

"मी तसं म्हटल्याचं मला आठवत नाही, तूसाँ."

तो बराच वेळ आपल्या पायांकडे पाहत राहिला. अशा नजरेने मी कोणाला आपल्या पायांकडे पाहताना पुन्हा पाहिले नाही. मग म्हणाला, "म्हणजे हे पाय खोटं बोलले. पंचवीस वर्षं मी यांच्यावर जगतोय, आणि हे खोटं बोलले." आणि मग, देव मला क्षमा करो, त्याने माझी समजूत घातली. माझी! "तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू कधी चुकत नाहीस. मीच ऐकलं असेन भलतंच."

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांपुढे त्याने ते स्वतःहून कबूल केले. कोणी त्याला दडपले नाही. त्याने कागदावर विश्वास ठेवला, कारण कागद माझा होता. दुसऱ्या कोणत्याही धंद्यातला माणूस म्हणाला असता, मला माझे ठाऊक आहे. आमच्यातला तसे म्हणत नाही. मीच त्याला शिकवले होते की पाय विसरतात, रेघ विसरत नाही.

मार्चच्या सुरुवातीला त्याने सनद परत केली. कोणी मागितली नव्हती. "ज्याला वाट लक्षात राहत नाही त्यानं शिकवू नये," असे म्हणाला. मला वाटले होते, प्रकरण दोन महिन्यांत विसरले जाईल, उमराव दुसऱ्या कोणावर चिडतील, तूसाँ पुन्हा नाचेल. हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. खरे पुरेसे कारण असे की त्या वर्षीच्या ईस्टरनंतर सर्व दरबारी बॅलेंची रेखापत्रे ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ते स्वीकारले.

रुआँचे बिऱ्हाड मी शोधले, कारण दर शनिवारी बाजारात मला तुझे वडील भेटत आणि मला पाहून हात वर करीत. मला ते पाहवत नव्हते. तू ज्याला पाठीशी उभे राहणे म्हणतेस ते त्याला नजरेआड करणे होते. ते वाक्य लांब आहे म्हणून काढ, असे मी लिहिले. ते खोटे आहे म्हणून काढ.

एक गोष्ट अजून. दुरुस्त केलेले खरे रेखापत्र मी जाळलेले नाही. बऱ्याचदा चुलीपर्यंत नेले. चुकीचा कागद मी निर्धास्तपणे जाळू शकतो. बरोबर असलेला मला जाळता आला नाही. यात सद्गुण नाही, खोड आहे. तो येथे आहे, ९ फेब्रुवारी १६६४ ही तारीख घातलेला, खरवडलेल्या जुन्या रेघेसकट.

तेव्हा क्षमेचे निवेदन देऊ नकोस. क्षमा मागायला तुझ्या वडिलांनी काही केलेले नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखव.

ग्रासियाँ मालेस्को


पॅरिस, शनिवार, ८ नोव्हेंबर १६८७, सायंकाळ

सिदोनी,

तुझे तीन ओळींचे पत्र बुधवारी आले. ते मला पाठ आहे, तरी येथे उतरवतो, म्हणजे दोघांच्या कागदांत फरक राहणार नाही:

"पत्र बाबांना वाचून दाखवलेलं नाही, आणि दाखवणार नाही. तेवीस वर्षं कागदानं बोललात. आता इथं या आणि तोंडानं बोला, तोवर ते असतील तर."

धर्मपित्याला लिहिण्याची ही रीत नव्हे. तरी यात मला एकही दुरुस्ती सुचत नाही.

तुला कळवायला हवे की मी आधी सभेत गेलो. पळवाट म्हणून नव्हे. रुआँला निघण्याआधी माझ्या हातात काहीतरी असावे, असे वाटले. रिकाम्या हाताने त्याच्या दारात उभे राहण्याचे धैर्य माझ्यात नाही. हेही खरेच लिहितो.

सभा चुलीपाशी बसली होती. बारा जण, त्यांतले नऊ माझ्या रेखापत्रांवर शिकलेले. मास्तर रुसलो यांनी मला खुर्ची दिली, वाईन दिली, आणि आदराने म्हणाले, "आज कसं येणं केलंत, आजोबा? आमची कुठली रेघ वाकडी गेली?" सगळे हसले.

मी म्हणालो, "माझी गेली." आणि जे तुला लिहिले ते उभे राहून सांगितले. त्यांतल्या एकाने मध्येच म्हटले, "अहो, पण उमराव द व्हालग्रीझ तर फ्लँडर्सच्या लढाईत कधीच वारले. आता कुणाला काय पडलंय?" मी म्हणालो, "मास्तर तूसाँ एरिव्हेल अजून वारलेले नाहीत."

रेखापत्र मी मेजावर ठेवले. रुसलो ते उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले. खरवडलेली रेघ उजेडात दिसते. तंतू उठलेले असतात. ते म्हणाले, "आजोबा, हे जर आम्ही नोंदवहीत घेतलं तर तुमच्या नावाचं काय होईल, कल्पना आहे ना? तुमच्या पद्धतीवर अर्धं पॅरिस शिकतंय. आता हे विसरून जाऊ. एरिव्हेल यांना आपण गुपचूप सनद देऊ. वय झालंय त्यांचं, आजारी आहेत, दया म्हणून."

ही माझी शेवटची सुटका होती आणि ती मला अगदी अदबीने देण्यात आली. मी तुझ्याशी खोटे बोलणार नाही: मी ती घेण्याचा विचार केला. श्वासभर. मग म्हणालो, "दया म्हणून नको. चूक कुणाची होती तेही लिहा." रुसलो म्हणाले, "तुम्हीच सांगा, कसं लिहायचं ते." मी सांगितले, त्यांनी लिहिले. एका गौण वाक्यावरून आमचा थोडा वाद झाला. त्यात मी बरोबर होतो.

सनद आज दुपारी मोहोर लावून मिळाली. ती 'परत दिली' असे लिहिलेले नाही. 'कधीच काढून घेण्याजोगी नव्हती' असे लिहिले आहे. रेखापत्रे ठेवण्याचे काम मी सोडले. त्यांनी नको म्हटले, पण फार आग्रहाने नाही.

हे पत्र टपालाने आज पुढे जाईल. मी सोमवारी पहाटेच्या गाडीने निघतो. वाटेत एक मुक्काम. पेरोनने मला अंडी उकडून दिली आहेत आणि म्हणाली आहे, "तिकडे गेल्यावर तरी कुणाला शहाणपण शिकवू नका." मी सबबी सांगणार नाही, कारणेही सांगणार नाही, त्याने विचारली तरच सांगेन. त्याने मला घराबाहेर काढले तर तू मध्ये पडू नकोस. मी दारात उभा राहीन तेव्हा त्याच्या घोंगडीवर त्याचे हात असतील, हे मी रोज मनात पाहतो.

मी पोचण्याआधी त्याचे डोळे मिटले, तर सनद त्याच्या हातात ठेव, आणि जे पत्र वाचले नाहीस ते त्याला मोठ्याने वाच. त्याचा त्याला उपयोग होणार नाही. मला होईल असेही नाही. तरी वाच.

निवेदनात आणि माझ्या पत्रांत आलेल्या तारखा पुढीलप्रमाणे दुरुस्त समजाव्यात. नोंदवहीतही अशाच गेल्या आहेत, शेवटच्या तीन सोडून.

शनिवार, ९ फेब्रुवारी १६६४. ग्रासियाँ मालेस्को याने वाट बदलली. तूसाँ एरिव्हेल यास पुढून जाण्यास सांगितले. हे 'अंधूक' नव्हे, स्पष्ट स्मरते.

सोमवार, ११ ते बुधवार, १३ फेब्रुवारी. उमरावांचा कागद दुरुस्त करण्यास पुरेसा वेळ होता.

गुरुवार, १४ फेब्रुवारी. वाऱ्यांचा प्रवेश. तूसाँ एरिव्हेल याची एकही चूक झाली नाही.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी. खोटे रेखापत्र काढले. खोटे बोललो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच दिवशी झाल्या.

शनिवार, १६ फेब्रुवारी. तूसाँने न केलेला दोष कबूल केला. मी तिथे उपस्थित होतो.

सोमवार, ३ मार्च १६६४. सनद परत करण्यात आली, असे निवेदनात आहे. 'उगाच' हा शब्द जोडावा.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर १६८७. तुला पहिले पत्र. त्यातील तिन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत. ते पत्र खोटे आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर १६८७. सनद.

        नोव्हेंबर १६८७. तूसाँला सांगितले. हा दिवस मी मोकळा सोडला आहे. तो तू तुझ्या हाताने भर. मला उशीर झाला असेल तर तेथे 'उशीर झाला' असेच लिही, आणि त्यासाठी याहून सौम्य शब्द शोधू नकोस.